मालकीणबाईंची सही

सकाळचा चहा झाला की साबणवाल्यांच्या घरात सहीचा अभ्यास चाले. टेबलावरचे कप बाजूला सारून सासूबाई जुन्या वेष्टनांचा गठ्ठा पुढ्यात ठेवायच्या, आणि सून त्या वेष्टनांच्या कोऱ्या बाजूवर एकाखाली एक सह्या काढत बसायची. सही तशी अवघड नव्हती. सुरुवातीला एक ऐसपैस वळण, मग कुणाला वाचताच येऊ नयेत अशी घाईत चिरडलेली अक्षरं, शेवटी उलट्या दिशेने मागे ओढलेली लांब रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके.

“रेघ थरथरली बघ,” सासूबाई म्हणाल्या. “तिची नव्हती थरथरत. तिचा हात एकदा सुटला की सुटला.”

“पुन्हा काढते.”

“काढ. आणि ठिपके नुसते टेकव, टोचू नकोस. कागदाने काय तुझं घोडं मारलंय?”

सून हसली. सासूबाईंच्या जिभेला धार होती, पण त्या हसवायच्याही, आणि उशिरा लग्न झालेल्या, गरीब घरातून आलेल्या बाईला सासरी कुणी हसवावं हेच पुष्कळ वाटतं. तिने आणखी अकरा सह्या काढल्या. सासूबाईंनी त्यातल्या तीन पसंत केल्या आणि बाकीच्या चुलीत घातल्या.

ही सही जिची, ती त्या घराची पहिली सून वारून दोन वर्षं होत आली होती.

रस्त्यावरच्या दारावर पाटी होती. पाटीवर पहिलीचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत ‘महिला उद्योग’. पाटी दर सहा महिन्यांनी पुसली जाई आणि दर वर्षी तिला रंगाचा हात मिळे. पहिली जिवंत असताना तिची इतकी निगा कुणी राखल्याचं ऐकिवात नाही.

पहिली साबण करायला रीतसर शिकून आली होती. मागच्या खोलीत दोन पातेल्यांवर तिने सुरुवात केली, हाताखाली गल्लीतल्या पाच बायका घेतल्या, आणि चार वर्षांत तीन इस्पितळांना तिचा साबण जाऊ लागला. इस्पितळांचं ते काम फक्त बायकांच्या धंद्यांसाठी राखून ठेवलेलं होतं, तेही शिकाऊ नव्हे, प्रमाणपत्र असलेल्या आणि तीन वर्षं हात मुरलेल्या बायकांसाठी. काम वाढलं तसा नवऱ्याने आपली नोकरी सोडली आणि तो धंदा बघू लागला. बघू लागला हे अगदी शब्दशः. ढवळायचं काम पहिलीच करी. तो बघे, लोकांना भेटे आणि कागद घेऊन येई. कागदावर जिथे त्याचं बोट टेके तिथे ती सही करी. बाहेर सगळे तिला मालकीणबाई म्हणत. घरात साधी खुर्ची हलवायची तरी ती विचारून हलवी.

मग माल ठेवायला जागा पुरेना. नवऱ्याने मागच्या बोळात कोठार बांधलं आणि कोठाराची भिंत बरोबर कामाच्या खोलीच्या एकुलत्या खिडकीवर आली. खिडकी विटांनी बुजवून टाकली. पाण्यात कॉस्टिक सोडा पडला की पाणी आपोआप उकळल्यासारखं तापतं आणि जी वाफ उठते ती घसा खरवडत आत जाते. ती वाफ आता जाणार कुठे, असं पहिलीने विचारलं. दार आहे की, असं उत्तर मिळालं. दार घरात उघडत होतं, आणि सासूबाईंना वास सहन होत नसे म्हणून ते लावून घेतलेलं असे.

तीन वर्षं ती खोकली. शेवटी विश्रांतीसाठी म्हणून तिला दूरच्या गावी माहेरी पाठवलं आणि तिथेच ती गेली. तिथल्या कचेरीत मृत्यूची नोंद झाली, इथल्या कचेरीत ती जिवंत राहिली. दोन कचेऱ्या एकमेकींशी बोलत नाहीत हे नवऱ्याला ठाऊक होतं. तो रडला नाही असं नाही. पुष्कळ रडला, आणि डोळे पुसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की इस्पितळांच्या कागदावर सही लागणार. सहा महिन्यांत त्याने दुसरं लग्न केलं. मुलगी बघताना त्याने तिची उंची विचारली, शिक्षण विचारलं आणि अक्षर दाखवायला सांगितलं. अक्षर बघणारा नवरा म्हणून तिच्या माहेरी त्याचं फार कौतुक झालं.

दुसरीला साबणाचं काम आवडलं, हे सांगायला हवं. पहिलीचा एप्रन तिला बेतून शिवल्यासारखा बसला. कामगार बायकांत सगळ्यात जुनी होती ती वड्या कापणारी मावशी, ताणलेल्या तारेने साबणाची अख्खी लादी अशी कापायची की कडेचा कणही सांडू नये. तिने दुसरीला सगळं शिकवलं. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यात पाणी कधीच नाही. तेलात ते ओतल्यावर एकाच दिशेने ढवळत राहायचं, आणि पळीवरून पडलेल्या धारेची रेघ वर तशीच राहिली की थांबायचं. दुसरीने वर्षभरात ते आत्मसात केलं. पण मावशी तिच्याशी बोलताना डोळ्याला डोळा देत नसे, आणि बाकीच्या बायका ती खोलीत आली की मूग गिळून बसत.

त्याचं कारण एका सकाळी कळलं. दुसरी पातेल्यावर वाकली होती. वाफ आली, तिने तोंड फिरवलं आणि ती खोकली. आधी कोरडा खोकला, मग छातीतून दोन ओढलेले झटके, आणि शेवटी घसा साफ करताना निघालेला बारीकसा हुंकार. खोलीतले हात थांबले. मावशीची तार लादीत अर्धी जाऊन तिथेच राहिली.

“काय झालं?” दुसरीने विचारलं.

वेष्टनं गुंडाळणारी खोलीबाहेर निघून गेली.

“मावशी, सांगा ना. भूत बघितल्यासारखं काय बघताय?”

“बघितलं नाही,” मावशी म्हणाली. “ऐकलं. बाईंचाच खोकला आहे तो. सुरुवातीचा. असाच सुरू झाला होता.” मग तिने भिंतीकडे हात केला. रंगाखालून विटांचा चौकोन दिसत होता. “इथे खिडकी होती. बाईंनी किती वेळा सांगितलं. एकदा तर स्वतः पहार घेऊन उभ्या राहिल्या होत्या. मालकांनी हातातून काढून घेतली, प्रेमाने हं, ओरडले नाहीत. म्हणाले, दमली आहेस, आत जाऊन पड.”

“तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?”

“कुणाला सांगणार? कागदावर मालकीण त्याच. त्यांच्यासाठीची तक्रार त्यांच्याच विरुद्ध करायची?”

दुसरी पुन्हा पातेल्याकडे वळली. पण आता त्या खोलीत ती एकटी नसे. ढवळताना मागे कुणीतरी उभं आहे आणि रेघ नीट आली का ते बघतं आहे असं तिला वाटे. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. मागे उभी असलेली बाई रागावलेली नव्हती, तिला फक्त श्वास लागला होता. घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीने.

तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. ती आईला घेऊन इस्पितळात गेली. संमतीचा कागद पुढे आला, तिने भरला, खाली सही केली आणि कारकुनाला दिला. त्याने तिचं ओळखपत्र मागितलं, कागदाशेजारी धरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“ही तुमची सही आहे?”

तिने वाकून बघितलं. ऐसपैस वळण, चिरडलेली अक्षरं, उलटी रेघ, दोन ठिपके. तिने माफी मागितली, दुसरा कागद घेतला आणि पुन्हा सही केली. हात सुटला तो त्याच वळणाने. तिसऱ्या कागदावर तिने मुद्दाम सावकाश सुरुवात केली आणि पहिल्या अक्षरापाशीच ती अडली. आपली सही कशी होती ते तिला आठवेना. सुरुवात वरून होती की खालून? शेवटी काही होतं का?

“ताई, मागे रांग आहे,” कारकून म्हणाला. “सही स्वतःची करायची असते.”

आईने कागद हातात घेऊन धूसर डोळ्यांजवळ नेला. “ही कुणाची सही गं?” तिने विचारलं. “बाई हुशार दिसते.”

ओळखपत्र समोर ठेवून, त्यावरची आपली सही नक्कल करावी तशी बघत बघत, दुसरीने तो कागद पुरा केला. ऑपरेशन नीट झालं. येताना ती आईचा हात घट्ट धरून चालत होती, आणि आईला वाटलं लेक आपल्यालाच सांभाळते आहे.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो चांगला ऐकणारा होता. त्याने तिच्यासाठी पाणी आणलं.

“होतं असं. सवयीचा परिणाम,” तो म्हणाला. “आता थोडेच दिवस. कचेरीतून तपासनीस बाई येणार आहेत पुढच्या आठवड्यात. इतकी वर्षं कुणी आलं नाही, आता काय अवदसा आठवली देव जाणे. ते एकदा पार पडलं की मी हळूच सगळं तुझ्या नावावर करतो.”

“माझ्या नावावर होत नाही. माझ्याकडे प्रमाणपत्र नाही, असं तूच सांगितलंस.”

“बघू ना काहीतरी.”

“आणि खिडकी?”

तो खूप मऊ आवाजात म्हणाला, “तिने पण असंच टुमणं लावलं होतं.”

“तिचं बरोबर होतं.”

“अगं, कोठार पाडलं तर माल ठेवायचा कुठे? इस्पितळांचं काम गेलं तर त्या पाच जणींनी काय करायचं? मी काय माझ्यासाठी करतो का हे? तू फक्त बस, हस आणि सही कर. एवढं माझ्यासाठी कर.”

वाईट माणूस ओरडतो, मारतो, म्हणून तो ओळखता येतो. हा पाणी आणून देत होता. अशा माणसाला नाही म्हणायला बाईला स्वतःचाच राग येतो, आणि ती पुढचा कागद घेते. आपल्या घराघरांत याला समजूतदारपणा म्हणतात.

तपासणीच्या दिवशी सासूबाईंनी पहिलीचा चष्मा काढून आणला. परवान्यावरच्या फोटोत पहिलीने चष्मा लावला होता, तेव्हा तो लावणं भाग होतं. दुसरीचे डोळे उत्तम होते. चष्म्यातून जमीन एकदम जवळ आली, दाराच्या चौकटी वाकल्या आणि नवऱ्याचा चेहरा कडेने वितळल्यासारखा दिसू लागला.

“जपून चाल,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. “अगदी तीच,” त्या पुटपुटल्या आणि आत निघून गेल्या.

तपासनीस बाई चाळिशीच्या, दमलेल्या, हातात जाडजूड फाइल. बाहेर पाटीकडे बघून त्यांनी मान हलवली, खोलीत येऊन रुमाल नाकाला लावला आणि खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी सोड्याचं पाणी करायचं नाही असं नवऱ्याने बजावलं होतं, तरी भिंतीतला जुना वास जात नव्हता. पाचही बायका आपापल्या जागी मान खाली घालून काम करत होत्या. नवरा दुसरीच्या खुर्चीमागे उभा होता.

प्रश्न सोपे होते. धंदा कधी सुरू केला, किती जणी कामाला, साबण कसा करता. हे शेवटचं उत्तर दुसरीने पाठ न करता दिलं आणि ते इतकं नेमकं होतं की तपासनीस बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

“छान. स्वतः करता तर. नाहीतर मी कागदावर खूप मालकिणी बघते,” त्या म्हणाल्या आणि कागद पुढे सरकवला. “इथे सही करा.”

नवऱ्याचं बोट आलं आणि कागदावर टेकलं. “इथे.”

दुसरीने पेन उचललं. चष्म्यातून अक्षरं मुंग्यांसारखी हलत होती. सहीच्या जागेच्या वर एक ओळ होती, ती तिला वाचता येईना.

“वर काय लिहिलंय?” तिने विचारलं.

“नेहमीचंच आहे,” नवरा म्हणाला. “कर सही.”

तिने चष्मा काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि ओळ मोठ्याने वाचली. “कामाच्या जागेत हवा खेळती असून काम करणाऱ्यांच्या प्रकृतीस कोणताही अपाय नाही, असे मी मालकीण या नात्याने जाहीर करते.”

मागे मावशीची तार थांबली.

“हे मी लिहून देऊ शकत नाही,” दुसरी म्हणाली. “इथे हवा नाही. आणि मी मालकीण नाही. मालकीणबाई या खोलीतल्या वाफेने गेल्या. मी त्यांच्यानंतर आले. दीड वर्ष त्यांच्या सह्या मी करते आहे.”

नवरा हसला. ते हसू कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. “तिला बरं नाहीये, बाई. डोळ्यांचा त्रास आहे, चष्म्याशिवाय...”

“मला चष्मा नाही,” दुसरी म्हणाली. “हा त्यांचा.”

तपासनीस बाईंनी आधी दाराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. “हे बघा. तुम्ही आत्ता बोललात ते मी ऐकलं नाही असं समजू. एकदा ऐकलं तर मला लिहावं लागेल. काम थांबेल. तुमच्यावर खोट्या सह्यांचा ठपका येईल. घरातून काय होईल ते तुम्ही जाणता. विचार करा.”

नाही म्हणायचं ठरवून आलेल्या बाईला बहुतेक वेळा असाच एखादा शहाणा, काळजीचा आवाज परत फिरवतो. दुसरीने पाच जणींकडे बघितलं. दोघी रडकुंडीला आल्या होत्या, एक रागाने बघत होती. मावशीने पहिल्यांदा तिच्या डोळ्याला डोळा दिला. मग मावशीला खोकला आला. तिने तो दाबायचा प्रयत्न केला आणि तिला तो दाबता आला नाही. कोरडा, मग दोन झटके, मग हुंकार. नऊ वर्षं ती याच खोलीत होती.

“लिहा,” दुसरी म्हणाली.

जबाब लिहून झाला. खाली सही करायची वेळ आली तेव्हा दुसरीने पेन खाली ठेवलं आणि शाईचा डबा मागितला. शिकलेल्या बाईने अंगठा का द्यावा, हे तपासनीस बाईंना कळेना.

“हाताचा भरवसा नाही राहिला,” दुसरी म्हणाली. “अंगठा तरी अजून माझा आहे.”

तपासनीस बाईंनी नवऱ्याला मृत्यूची तारीख विचारली. त्याने जमिनीकडे बघत सांगितली. ती तारीख टिपून त्यांनी फाइल उघडली आणि मागचे तपासणीचे अहवाल चाळू लागल्या. चार अहवाल होते. त्यातला एक काढून त्या बराच वेळ बघत बसल्या. मृत्यूनंतर सात आठवड्यांनी लिहिलेला तो अहवाल होता. ‘आज प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली. मालकीणबाईंशी समक्ष बोलणे झाले. प्रकृती उत्तम. खिडक्या, उजेड, हवा समाधानकारक.’ अक्षर त्यांचं होतं. त्या दिवशी त्या कचेरीतून उठल्याच नव्हत्या. तीस फाइली होत्या आणि सगळ्यांत त्यांनी हेच लिहिलं होतं.

“मी बोलले त्यांच्याशी,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “सात आठवड्यांनी.”

मग त्यांनी नवा कागद घेतला. दोषी व्यक्ती असा रकाना होता. त्यात त्यांनी पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहिला, दुसऱ्या ओळीवर नवऱ्याचं, आणि तिसरी ओळ, जिथे दुसरीचं यायला हवं होतं, तिथे पेन टेकवून, थांबून, ती कोरी सोडली.

पुढचं गोड करून सांगण्यात अर्थ नाही. इस्पितळांचं काम थांबलं. दुसरीला ते घर सोडावं लागलं; ती आईकडे राहते आणि प्रमाणपत्राच्या वर्गाला जाते. कामगारांपैकी दोघी रस्त्यात भेटल्या तर तिच्याशी बोलत नाहीत, आणि त्यांच्या घरच्या अडचणी बघता त्यांना दोष देता येणार नाही. मावशी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाते. तपासनीस बाईंची बदली झाली. त्यांच्या उरलेल्या एकोणतीस फाइली आता दुसऱ्या कुणाच्या टेबलावर आहेत, आणि त्या टेबलावरून त्या माणसाला उठवायला अजून कुणी गेलेलं नाही.

बायकांच्या धंद्याला हात द्यायचा म्हणून आपण सवलती काढल्या, कामं राखून ठेवली, पाट्या रंगवल्या, आणि समाधानाने पुढच्या कामाला लागलो. पाटीमागे कोण उभं आहे, त्या बाईला स्वतःच्या खोलीची खिडकी उघडायचा तरी अधिकार आहे का, हे बघायचं राहून गेलं. तुमच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर अशी एखादी पाटी असेलच. उद्या तिथे थांबा. पाटीवरच्या नावाने आत हाक मारा, आणि ओ कोण देतं ते नीट ऐका.